फेलओव्हर आणि साक्ष : घरगुती फायरवॉल-राउटरमधील दोषनिदानाचा विचार

घरात इंटरनेटच्या दोन वाहिन्या घेतल्या म्हणजे एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहील, ही समजूत चुकीची नाही, पण अपुरी आहे. दोहोंपैकी कोणती वाहिनी चालू व कोणती बंद, हा निर्णय कोणाला तरी करावा लागतो. आणि तो करणारे यंत्र, म्हणजे घरातील फायरवॉल-राउटर, वाहिनी प्रत्यक्ष पाहत नाही. त्याच्यापर्यंत पोचतात त्या काही खुणा: तारेवरील स्पंद, नेटवर्क कार्डाने दिलेली वर्दी, दूरच्या एखाद्या पत्त्याकडून आलेले किंवा न आलेले उत्तर. ह्या खुणांवरून ते अनुमान करते आणि त्या अनुमानानुसार वाहतूक एकीकडून दुसरीकडे वळविते. दुसरी वाहिनी सुस्थितीत असूनही ऐन वेळी उपयोगी पडली नाही, अशा प्रसंगांची तपासणी केली असता बहुधा असे आढळते की, दोष दुसऱ्या वाहिनीत नव्हताच. पहिली बंद पडली आहे हेच राउटरला कळले नव्हते. नाव व नामी, संकेत व संकेतित ह्यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्यांना ह्या प्रकरणात लक्ष घालण्यासारखे पुष्कळ आहे. घरून अध्यापन करणारांना व दूरदृश्य पद्धतीने शोधप्रबंधाची तोंडी परीक्षा देणारांना तर त्याची व्यावहारिक निकड आहे.

'फेलओव्हर' ह्या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप नाही. 'पर्यायसंक्रमण' असा शब्द बनविता येईल. परंतु तो कळण्यासाठी मूळ शब्दाचीच आठवण द्यावी लागणार असेल, तर मूळ शब्द देवनागरीत लिहिणे अधिक प्रामाणिकपणाचे होय. नियोजित मार्ग निकामी होताच राखीव मार्गाने आपोआप काम सुरू करणे, एवढा त्याचा अर्थ. येथे राखीव आहे ती वाहिनी. दोन स्वतंत्र राउटर ठेवून एकाच्या जागी दुसऱ्याने उभे राहण्याची योजनाही फेलओव्हरच म्हटली जाते, आणि तिच्यासाठी कार्प नावाचा शिष्टाचार २००४ साली ओपनबीएसडीतून पुढे आला. पण ती योजना घरात क्वचितच दिसते व तिचा विचार येथे केलेला नाही.

विवेचनासाठी एक नेहमीचा नमुना घेऊ. एका सदनिकेत चार पोर्ट असलेला लहानसा संगणक असून त्यावर पीएफसेन्स ही प्रणाली चालते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोनोवॉल ह्या प्रकल्पापासून २००४ साली पीएफसेन्सची शाखा फुटली आणि पीएफसेन्सपासून २०१५ साली ओपीएनसेन्सची. तिन्हींचा पाया फ्रीबीएसडी हाच आहे. पहिल्या पोर्टाला फायबरचे ओएनटी, म्हणजे प्रकाशतंतू जेथे संपतो व तांब्याची तार सुरू होते ते उपकरण, जोडलेले आहे. दुसऱ्याला सिमकार्डावर चालणारा फोर-जी राउटर आणि तिसऱ्याला घरातील संगणकांचा स्विच. पहिली वाहिनी मुख्य, दुसरी राखीव.

प्रथम नावांचा प्रश्न. फ्रीबीएसडीमध्ये नेटवर्क कार्डाचे नाव त्याला चालविणाऱ्या ड्रायव्हरवरून पडते. इंटेलच्या एका वर्गातील कार्डे ईएम, दुसऱ्या वर्गातील आयजीबी, तिसऱ्यातील आयजीसी, रिअलटेकची आरई. त्यापुढे क्रमांक लागतो तो यंत्र सुरू होताना कार्डे ज्या क्रमाने सापडली त्याचा. म्हणजे आयजीबी-० ह्या नावाचा पूर्वार्ध जातिवाचक असून उत्तरार्ध केवळ क्रमवाचक आहे. पतंजलीने शब्दांचे जे चार प्रकार सांगितले त्यांतील यदृच्छाशब्दाशी, म्हणजे ठेवले म्हणून असलेल्या विशेषनामाशी, ह्या नावाचा घोटाळा होऊ देता कामा नये. डित्थ हे नाव डित्थाला कोठेही नेले तरी त्याचेच राहते. आयजीबी-० हे नाव एखाद्या कार्डाचे नसून रांगेतील पहिल्या जागेचे आहे, आणि रांगेत कोणी मध्येच येऊन उभे राहिले की ते दुसऱ्याला लागू होते.

ह्याचा परिणाम पुढीलप्रमाणे होतो. यंत्रात दोन पोर्टांचे एक कार्ड होते व त्यांची नावे आयजीबी-० आणि आयजीबी-१ अशी होती. त्याच जातीचे आणखी एक कार्ड घातले. नवे कार्ड जर आधी सापडणाऱ्या खाचेत बसले, तर आयजीबी-० व आयजीबी-१ ही नावे नव्या पोर्टांकडे जातात आणि जुन्यांना आयजीबी-२ व आयजीबी-३ असे म्हटले जाऊ लागते. मांडणीच्या नोंदीत मात्र 'बाहेरची वाहिनी म्हणजे आयजीबी-०' असे लिहिलेले असते. नोंदीतील एखादे नाव यंत्रात मुळीच नसेल, तर पीएफसेन्स सुरू होतानाच थांबते व पोर्टांची नेमणूक पुन्हा करावयास सांगते. हा अडथळा त्रासदायक वाटला तरी तो उपकारकच होय. खरा धोका सर्व नावे जागेवर असून त्यांचे अर्थ बदललेले असतात तेव्हा. यंत्र तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच हरवलेले नाही. मग गृहस्थ तारा अंदाजाने इकडच्या तिकडे करून पाहतो आणि बाहेरच्या जगासाठी ठेवलेले नियम आतल्या बाजूला, आतले बाहेरच्या बाजूला लागू होण्याची शक्यता निर्माण होते. इंटरनेट बंद पडणे ही गैरसोय आहे. फायरवॉल उलटी लागणे हे संकट आहे.

लिनक्समध्ये ह्याच प्रश्नाला वेगळे उत्तर शोधण्यात आले. पूर्वी तेथे इथ-०, इथ-१ अशी केवळ क्रमाची नावे असत व ती एका सुरुवातीस एकास, तर दुसऱ्या सुरुवातीस दुसऱ्यास मिळण्याचा संभव असे. सिस्टिमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, नाव स्थानावरून पडू लागले. ईएनपी३एस० ह्या नावात ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय मार्गाची तिसरी शाखा आणि एस० म्हणजे तेथील शून्यावी खाच. शास्त्राच्या भाषेत, रूढ नावाऐवजी यौगिक नाव आले. अवयवांच्या अर्थावरून ते उलगडते. ह्या पद्धतीला तिच्या कर्त्यांनी 'भाकीत करता येण्याजोगी नावे' म्हटले. हे विशेषण थोडे सढळ हाताने दिले गेले आहे. एखादे नवे साठवण-कार्ड किंवा चित्र-कार्ड बसविल्याने पीसीआय शाखांची मोजणीच बदलते आणि कालचे ईएनपी३एस० आज ईएनपी४एस० होते, हा अनुभव पुष्कळांना आलेला आहे. यौगिक नाव वर्णनाशी बांधलेले असल्यामुळे वर्णन बदलताच ते सुटते.

कार्डाशी चिकटून राहणारे असे एकच नाव आहे, ते म्हणजे मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा असतो. पहिले २४ बिट सामान्यतः निर्मात्याला आयईईई ह्या संस्थेकडून मिळालेले असतात व उरलेले निर्माता देतो. तोही सॉफ्टवेअरने बदलता येतो हे खरे, परंतु आपणहून बदलत नाही. यास्तव नवे कार्ड बसविण्यापूर्वी प्रत्येक पोर्टाचा मॅक पत्ता कागदावर लिहून पोर्टाशेजारी चिकटविणे हा ह्या विषयातील सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. तसे केलेले नसेल, तर सर्व तारा काढून एकेक तार लावीत जावी आणि पडद्यावर कोणत्या नावाचा पोर्ट जागा होतो ते पाहावे. पीएफसेन्सच्या नेमणुकीच्या पडद्यावर ह्यासाठी स्वयंशोधाची सोयही आहे. मॅक पत्त्यासंबंधी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही पुरवठादारांची उपकरणे प्रथम दिसलेला मॅक पत्ता लक्षात ठेवतात व दुसऱ्याला सेवा नाकारतात. कार्ड बदलल्यावर तार नीट, दिवा नीट, पण पत्ता मिळत नाही, अशा वेळी पुरवठादाराचे उपकरण काही काळ बंद ठेवून पाहणे किंवा जुना मॅक पत्ता नव्या पोर्टाला देणे, हे दोन मार्ग उरतात.

नावांनंतर दिव्याकडे वळू. पोर्टावरील हिरवा दिवा लागला की जोड झाली असे मानतात. यंत्राच्या परिभाषेत ह्या अवस्थेला 'कॅरिअर आहे' असे म्हणतात, आणि ह्या शब्दाचा अर्थ कसा सरकला ते पाहण्यासारखे आहे. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मेटकाफ ह्यांनी इथरनेटची कल्पना मांडली. प्रकाशलहरींचे वाहक म्हणून एकोणिसाव्या शतकात कल्पिलेल्या ईथरवरून तिला नाव मिळाले. त्या व्यवस्थेत सर्व यंत्रे एकाच केबलवर असत, आणि कॅरिअर जाणवणे म्हणजे त्या क्षणी दुसरे कोणी तरी बोलत आहे हे जाणवणे. पुढे १९९० च्या सुमारास पिळाच्या तारांवरील इथरनेट आले. आता तार दोनच टोकांची राहिली, आणि शांततेच्या काळातही 'मी येथे आहे' एवढे सांगण्यासाठी टोकांवरील उपकरणे सुमारे १६ सहस्रांश सेकंदांच्या अंतराने एक स्पंद पाठवू लागली. कॅरिअर हा शब्द तोच राहिला. पूर्वी तो बोलण्याची खूण होता, आता उपस्थितीची झाला. तेव्हा 'कॅरिअर आहे' ह्याचा आजचा अर्थ इतकाच: ह्या एका तारेच्या दुसऱ्या टोकाला वीज चालू असलेले कोणते तरी उपकरण आहे.

लिनक्समध्ये तर 'अप' हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो. नुसते 'अप' म्हणजे हा पोर्ट चालू ठेवावा अशी मालकाची आज्ञा आहे. 'लोअर-अप' म्हणजे खाली तारेवर खरोखर जोड आहे. आज्ञा आणि वस्तुस्थिती ह्यांना जवळजवळ एकच शब्द मिळाल्यामुळे 'पोर्ट तर अप दाखवितो आहे' हे उद्गार नवशिक्यांच्या तोंडी नेहमी ऐकू येतात. विध्यर्थ आणि वर्तमानकाळ ह्यांतील हा भेद व्याकरणाच्या विद्यार्थ्याला वेगळा समजावून द्यावयास नको.

आपल्या नमुन्यात राउटरच्या पहिल्या पोर्टाच्या तारेचे दुसरे टोक ओएनटीत आहे. रस्त्यावर खोदकाम होऊन फायबर तुटले, तरी ओएनटी घरच्या विजेवर चालूच राहते व तारेवर आपले स्पंद पाठवीत राहते. त्याच्या अंगावर प्रकाश हरपल्याचा तांबडा दिवा लागेल. पण तो माणसासाठी आहे, राउटरला तो दिसत नाही. नैयायिकांच्या परिचित उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. धूर असेल तेथे अग्नी असतोच, म्हणून धुरावरून अग्नीचे अनुमान होते. पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. येथे वाहिनी चालू असेल तर दिवा लागलेला असतोच. दिवा लागलेला असेल तर वाहिनी चालू असतेच असे मात्र नाही. फायबर तुटलेले ओएनटी हा आपला तप्त लोहगोलक होय. ह्यावरून दिव्याची साक्ष एकाच बाजूने ग्राह्य ठरते. तो विझला तर वाहिनी बंद आहे हे निश्चित. तो लागलेला असणे हे कशाचेच प्रमाण नव्हे.

दिवा लागतो पण वाहतूक अडखळते, अशी एक मधली अवस्था आहे आणि कार्डांचे खरे दोष तेथे सापडतात. गिगाबिट इथरनेटला तारेतील चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी जोडी तुटली असता कित्येक कार्डे मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा लागलेला असतो, इंटरनेटही चालते, आणि ३०० मेगाबिटचे पैसे भरणारा गृहस्थ पुरवठादाराला दोष देत बसतो. काही कार्डे उतरत नाहीत. ती गिगाबिटचा ठराव करतात, जोड करू पाहतात, फसतात व पुन्हा ठराव करतात. तेव्हा नोंदवहीत जोड झाली, जोड तुटली, अशा ओळी सेकंदासेकंदाला दिसतात. वेगाचा हा ठराव दोन्ही टोकांनी आपसात करण्याची पद्धत १९९५ च्या प्रमाणकाने आणली. एका टोकाला कोणी हाताने '१०० मेगाबिट, पूर्ण द्विमार्गी' असे ठरवून ठेवले व दुसरे टोक ठरावाच्या अपेक्षेत राहिले, तर दुसरे टोक वेग ओळखते, पण द्विमार्गित्व ओळखू शकत नाही आणि नियमानुसार अर्धद्विमार्गी बनते. मग एकजण केव्हाही बोलतो आणि दुसरा त्याचे बोलणे संपण्याची वाट पाहतो. लहान चाचण्या यशस्वी होतात, मोठी फाईल मात्र सरकत नाही. ठराव दोन्हीकडे स्वयंचलित ठेवावा, हा नियम हात न लावण्याच्या कोटीतील आहे.

ह्या अवस्थेत अन्वयव्यतिरेकाचा मार्ग उपयोगी पडतो. तार असता दोष असतो, ती बदलता दोष नाहीसा होतो, आणि ती परत लावता दोष परत येतो, हे तिन्ही पाहिल्याशिवाय तारेला दोषी ठरवू नये. बहुतेकजण दुसऱ्या पायरीवर थांबतात. तार बदलताना खटका नीट बसला एवढ्यानेच काम झालेले असू शकते, आणि मग निर्दोष तार फेकली जाऊन सैल पोर्ट तसाच राहतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी: प्रथम तार, मग राउटरवरील पोर्ट, मग पलीकडील उपकरण. सर्व यंत्रे एकदम बंद करून पुन्हा सुरू करण्याचा उपाय लोकप्रिय आहे व त्याने पुष्कळदा गुणही येतो. परंतु त्याने चार गोष्टी एकदम बदलतात व चालू नोंदींतील पुरावाही पुसला जाण्याची भीती असते. आधी नोंदवही वाचावी, मग बटणाला हात लावावा.

नोंदवहीत 'वॉचडॉग टाइमआउट' असा मजकूर आढळल्यास त्याचा अर्थ असा की, कार्डाकडे पाठविण्यासाठी दिलेली पाकिटे ठरलेल्या मुदतीत गेल्याची पोच आली नाही, म्हणून ड्रायव्हरने कार्ड पुन्हा सुरू केले. असे वारंवार होत असेल तर तारेला निर्दोष मानून कार्ड व ड्रायव्हर ह्यांच्या जोडीकडे पाहावे. कित्येकदा कार्डावर सोपविलेली जादा कामे हेच कारण असते. प्रेषणाचे तुकडे करणे किंवा आलेले तुकडे जोडून एक करणे अशी कामे कार्डाने करावी, ही सोय सर्व्हरसाठी ठीक आहे. राउटरचे काम मात्र आलेले पाकीट जसेच्या तसे पुढे देण्याचे. वाटेत पाकिटे एकत्र शिवणारा टपालवाला तेथे नको. म्हणूनच पीएफसेन्समध्ये ही दोन कामे मुळातच बंद ठेवलेली असतात. पाकिटांच्या बेरजेची पडताळणी मात्र कार्डाकडे राहते, व ती काही कार्डांकडून नीट होत नाही. तशी शंका आल्यास तीही काढून घेऊन पाहावी.

आता मुख्य साक्षीदाराकडे येऊ. दिव्यावर भिस्त ठेवता येत नसल्यामुळे राउटर दर थोड्या वेळाने दूरच्या एका पत्त्याला हाक मारतो व उत्तराची वाट पाहतो. ह्यालाच पिंग म्हणतात. पीएफसेन्समध्ये २०१६ पासून हे काम डीपिंगर नावाचा लहानसा कार्यक्रम करतो. येथे अनुमानाची दिशा दिव्याच्या उलट आहे. दूरचे उत्तर आले, तर वाहिनी चालू आहे हे सिद्ध झाले. उत्तर न आल्यास काय सिद्ध झाले, हा प्रश्न अवघड आहे. कुमारिलाच्या परंपरेतील मीमांसकांनी व अद्वैत्यांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याबरोबर योग्यतेची अटही घातली: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्यावरून ती नाही असे म्हणता येते. उजेडात मेजावर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. पिंगचे मौन तेव्हाच प्रमाण होईल, जेव्हा ज्याला हाक मारली तो एरवी खात्रीने उत्तर देणारा असेल आणि ते उत्तर त्याच वाहिनीने यावयाचे असेल.

ह्या दोन अटींवर घरगुती मांडण्या फसतात. काहीही न बदलल्यास राउटर हाक मारतो ती आपल्या लगतच्या द्वाराला. ओएनटी स्वतःच राउटरचेही काम करीत असेल, तर हे लगतचे द्वार म्हणजे टेबलावरील तीच पेटी होय. फायबर तुटल्यावरही ती तत्परतेने उत्तर देते आणि फेलओव्हर होत नाही. तोंडी परीक्षा चालू असताना पडदा गोठतो, दुसरी वाहिनी शेजारी निष्कामपणे उभी असते, आणि राउटरच्या पटलावर दोन्ही वाहिन्यांपुढे हिरवी खूण असते. ह्यासाठी हाक मारण्याचा पत्ता पुरवठादाराच्या पलीकडचा असावा. २००९ पासून चालू असलेला ८.८.८.८ व २०१८ पासून चालू असलेला १.१.१.१ हे नावनिवारणाचे सार्वजनिक पत्ते ह्या कामी सर्रास वापरतात. त्यांचे मालक पिंगला उत्तर देण्यास बांधलेले नाहीत हे विसरू नये. योग्यतेची अट येथे पुष्कळ अंशी पाळली जाते, सर्वांशी नव्हे. दोन वाहिन्यांना दोन वेगळे पत्ते द्यावे लागतात, कारण राउटर त्या पत्त्याची वाट त्या वाहिनीशी बांधून टाकतो. ह्यातूनच एक आडवळणाचा दोष उद्भवतो. ८.८.८.८ हा पत्ता पहिल्या वाहिनीच्या पहाऱ्यावर ठेवला व घरातील नावनिवारणही त्याच्यावरच सोपविले, तर पहिली वाहिनी पडताच वाहतूक दुसरीवर जाते, पण नावे विचारावयाची ती अजून पडलेल्या वाटेनेच. फेलओव्हर झालेला असतो आणि एकही पान उघडत नाही.

काळाचे गणितही पाहावे. मूळ मांडणीत डीपिंगर अर्ध्या सेकंदाला एक हाक मारतो व मागील ६० सेकंदांची सरासरी धरतो. म्हणजे १२० हाका. त्यांतील २० टक्के फुकट गेल्या की वाहिनी मृत समजावी असा संकेत आहे, आणि एखादी हाक फुकट गेली हे २ सेकंद वाट पाहून ठरते. वाहिनी एकदम तुटली तर २४ हाका फुकट जाण्यास १२ सेकंद व वर २, असे सुमारे १४ सेकंद लागतात. दीर्घ खंडानंतर वाहिनी परत आली, तर ६० सेकंदांच्या खिडकीतील चार-पंचमांश हाका सफल होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४८ सेकंद, ती मृतच मानली जाते. ही विषमता मुद्दाम योजलेली नसली तरी हितकर आहे. क्षणभर डोके वर काढणाऱ्या वाहिनीवर लगेच विश्वास टाकला जात नाही. खिडकी लहान करून १४ चे ५ सेकंद करण्याचा मोह होतो. तसे करता येते. परंतु मग दोनचार पाकिटे हरविताच वाहतूक इकडून तिकडे उड्या मारू लागते, आणि प्रत्येक उडीत चालू संभाषणे तुटतात. राखीव फोर-जी वाहिनीची गोष्ट निराळी आहे. तिच्या उत्तराला लागणारा वेळ मुळातच चंचल असतो, आणि ५०० सहस्रांश सेकंदांची मूळ मर्यादा ती गर्दीच्या वेळी सहज ओलांडते. तिच्यासाठी मर्यादा सैल ठेवणे इष्ट. नाही तर मुख्य वाहिनी पडण्याच्या घटकेला राखीव वाहिनीही मृतांच्या यादीत आढळावयाची.

साक्ष बरोबर असूनही निर्णय अंमलात न येण्याची कारणे थोडी आहेत व ती लवकर सांगता येतात. दोन वाहिन्यांचा गट केला, त्याला नाव दिले, पण कोणत्याही नियमात किंवा मूळ द्वाराच्या ठिकाणी ते नाव लिहिलेच नाही. हा प्रमाद फार आढळतो. दुसरे, पत्त्यांची टक्कर. पीएफसेन्सचा घरच्या बाजूचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असा असतो, आणि पुष्कळ ओएनटी व फोर-जी राउटर हाच पत्ता घेऊन जन्माला आलेले असतात. दोन्ही बाजूंना एकाच नावाची गल्ली असल्यावर पाकीट कोणत्या बाजूला न्यावे हे राउटरला ठरविता येत नाही. तिघांना तीन वेगळे पट्टे द्यावेत. तिसरे, चालू संभाषणांची नोंद. प्रत्येक संभाषण कोणत्या वाहिनीने सुरू झाले हे फायरवॉल लिहून ठेवते व ते संपेपर्यंत त्याला तेथेच ठेवते. बाहेरचा पत्ता वाहिनीबरोबर बदलत असल्यामुळे पहिल्या वाहिनीवरील संभाषण दुसरीवर अखंड नेता येतही नाही. म्हणजे फेलओव्हर निर्दोष झाला तरी परीक्षेचे चित्र एकदा तुटणारच. परीक्षार्थ्याने पुन्हा प्रवेश करावयाचा, एवढीच अपेक्षा रास्त आहे. ह्याचीच दुसरी बाजू म्हणजे मुख्य वाहिनी परत आल्यावरही इंटरनेटवरून चालणारा दूरध्वनी फोर-जीवर चिकटून राहतो. जुन्या नोंदी मारून टाकण्याची सोय आहे, ती विचारपूर्वक लावावी.

राहिली चाचणी. फेलओव्हर तपासण्यासाठी लोक राउटरच्या मागची पहिली तार उपटतात, वाहतूक दुसरीवर जाते आणि सर्वांचे समाधान होते. ह्या चाचणीत दिवा विझतो. आणि दिव्याचे विझणे ही तर आधीच निःसंदिग्ध असलेली साक्ष होय. प्रत्यक्षात घरातील तार क्वचितच तुटते. तुटते ते रस्त्यावरचे फायबर. किंवा इमारतीच्या जिन्यात केबलवाल्याने ठेवलेल्या स्विचची वरची जोड जाते व स्विच मात्र जिन्यातल्या विजेवर डोळे मिचकावीत राहतो. म्हणून तार जागेवर राहू द्यावी व ओएनटीच्या मागचे फायबर काढावे. काढताना त्याच्या टोकाला बोट लावू नये, त्यात डोकावून पाहू नये, आणि लगेच धूळ-टोपी घालावी. मग घड्याळ धरून बसावे. सुमारे पंधरा सेकंदांत पटलावर पहिली वाहिनी तांबडी झाली नाही, तर पहाऱ्यावरचा पत्ता चुकीचा आहे. झाली, पण पाने उघडत नाहीत, तर नावनिवारण पाहावे. पाने उघडतात, पण फक्त एकाच संगणकावर, तर नियम पाहावेत. फायबर परत लावल्यावर वाहतूक मिनिटभरात मूळ वाटेवर येते की नाही, हेही पाहून ठेवावे.

ही चाचणी उतरल्यावरही राखीव वाहिनीसंबंधी एक गोष्ट पिंगला विचारून कळत नाही. मोबाइलच्या अनेक योजनांत दिवसाचा ठरीव डेटा संपला की वाहिनी बंद होत नाही. तिचा वेग ६४ केबीपीएसवर आणला जातो. पिंगचे पाकीट लहान असते, ते त्या अरुंद वाटेनेही वेळेवर जाऊन येते, आणि पटलावर हिरवी खूण कायम राहते. परीक्षकांचे चित्र त्या वाटेने येत नाही. तेव्हा फायबर काढलेले असतानाच, ज्या कार्यक्रमातून परीक्षा व्हावयाची त्याच कार्यक्रमातून, दहा मिनिटे कोणाशी तरी दूरदृश्य संभाषण करून पाहावे, आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी सिमवरील शिल्लक बघून घ्यावी.